भामरेबाईंचा डावा गाल

घर बदलायचं म्हणून परवा कपाट रिकामं करत होते, तर साड्यांच्या मागे अंगठ्याएवढी एक बाटली सापडली. तिच्यावर वहीचा कागद डिंकाने चिकटवलेला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'सेंट क्र. २२. चौदा टप्पे. कोणी सरकत नाही.' सुनेने विचारलं, हे कसलं औषध? मी पलंगावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आता हिला भामरेबाई सांगायच्या तरी कुठून सुरुवात करून?

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. येवल्याच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले होते आणि नाशिकहून रोज एसटीने अपडाऊन करत होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. पस्तिशीच्या, सावळ्या, कपाळ मोकळं, साडीला कडक इस्त्री. त्या आमच्याच शाळेत विज्ञान शिकवत. नांदूर नाका ते माडसांगवी आम्ही गप्पा मारल्या. बाई तशा साध्याच वाटल्या. मग पिशवीतून पास काढायला त्या माझ्याकडे वळल्या, तेव्हा मला दुसरी बाजू दिसली. डाव्या गालाला पावडर होती, उजव्या गालाला नव्हती. नाकाच्या शेंड्यावरून सरळ रेघ मारल्यासारखी हद्द होती.

मला वाटलं, घाईत राहून गेलं असेल. बायकांचं असतं तसं, सकाळी डबा, दूध, पाणी. मी हळूच सांगितलं, "बाई, तुमचा उजवा गाल राहिलाय."

"राहिला नाही," त्या म्हणाल्या. "तो तुलनेसाठी आहे."

तेवढ्यात गांगुर्डे कंडक्टर पास बघायला आले, माझ्याकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, दुसरा टप्पा झाला बाई, नाक चमकायला लागलं. बाईंनी पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि लिहून घेतलं. मी देवाचं नाव घेतलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

एसटीचं भाडं टप्प्यांवर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. भामरेबाईंनी सगळी सौंदर्यप्रसाधनं या मापात बसवली होती. अमुक पावडर चार टप्प्यांची, म्हणजे चांदोरीला गेलीच. अमुक काजळ निफाडपर्यंत डोळ्यात, निफाडनंतर गालावर. येवल्याला पोचेपर्यंत जे टिकेल ते चौदा टप्पे. त्या दुकानात जात तेव्हा दुकानदार कौतुकाने विचारायचा, ताई, काही कार्यक्रम आहे का? लग्न, साखरपुडा? बाई म्हणायच्या, "सोमवार आहे." मग तो बिचारा सगळं चमचमतं सामान परत खोक्यात भरायचा. त्यांना रोजचं हवं असे. पावडरची छटा त्या मनगटावर कधी बघत नसत. तोंड मनगटावर नसतं, असं म्हणून आरसा घेऊन सरळ फुटपाथवर उन्हात जात आणि जबड्याखाली, मानेजवळ लावून बघत. ट्यूबलाइटखाली घेतलेली छटा उन्हात पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते, हे मी त्यांच्याकडून शिकले. मात्र मला काही लावायची परवानगी नव्हती. महिन्याभरात त्यांनी मलाही वहीत घेतलं होतं: 'कुलकर्णीबाई, काहीही लावत नाहीत, तुलनेसाठी उत्तम.' नोकरीत मला मिळालेलं हे पहिलं आणि शेवटचं 'उत्तम'.

दुसऱ्या वर्षी एकदा निफाड आणि विंचूरच्या मधे, गाडी जरा रिकामी होती तेव्हा, त्यांनी मला हे सगळं कशातून निघालं ते सांगितलं. लग्नाला सहा वर्षं झाली आणि नवरा गेला. मूलबाळ नाही. सटाण्याकडची सासू आणि त्या, दोघीच नाशिकला राहायच्या. सासूबाई स्वतः तिशीत विधवा झालेल्या. त्यांनी त्या दिवसापासून आरशात बघितलेलं नव्हतं आणि सुनेनेही बघू नये यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. दीड वर्षाने भामरेबाईंनी मन करून एक पावडरचा डबा आणला आणि तांदळाच्या डब्यामागे लपवला. म्हातारीला तांदूळ निवडताना तो सापडला. हातात डबा घेऊन तिने विचारलं, हाई काय शे?

"आणि माझ्या तोंडून निघून गेलं, शाळाना प्रयोग शे," भामरेबाई म्हणाल्या. घरात त्या अहिराणीच बोलत.

सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. पण शाळेचं काम म्हणजे त्यांच्या लेखी देवाच्या खालोखाल. त्यांनी डबा पदराने पुसला आणि फळीवर, दत्ताच्या तसबिरीशेजारी ठेवला. आता प्रयोग म्हटल्यावर प्रयोग करणं आलं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, असे आपण शाळेत आखायचो तसे रकाने बाईंनी आखले. म्हातारी रोज संध्याकाळी विचारायची, "हुयना का प्रयोग?" आणि बाई सांगायच्या, नाही झाला अजून.

मी विचारलं, पण मग अर्ध्याच तोंडाला का?

"पूर्ण चेहऱ्याला लावलं तर हौस. अर्ध्याला लावलं तर विज्ञान," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत: "निष्कर्षाचा रकाना तेवढा मी रिकामा ठेवते. तो भरला की डबा गेला."

मला हसावं की रडावं कळेना. मी माझ्या डब्यातला लाडू त्यांना दिला. माझी अक्कल तेव्हा तेवढीच धावली.

सासूबाईंची मात्र गंमत झाली. पहिली दोन वर्षं त्या नुसत्या बघत होत्या. नंतर त्यांना त्यात रस यायला लागला, आणि मग तर त्या प्रयोगशाळेतल्या परिचरापेक्षा कडक झाल्या. मी एकदा सकाळी बाईंना हाक मारायला गेले तर म्हातारी दारातच सुनेला अडवून उभी. आज गुरुवार, आज सायीचा गाल उजवा आणि क्रीमचा डावा, तू उलट केलंस, जा धू. आमची आठची गाडी चुकली. शेजारची कोणी बाई कुजबुजली की हिला आता कशाला हवाय नट्टापट्टा, तर म्हातारीने तिला अंगणात गाठून सुनावलं की तुझ्या घरात कोणी शाळा शिकलंय का, हे सरकारी काम आहे. शाळा खाजगी होती, पण ते जाऊ द्या.

सेंटचे प्रयोग सगळ्यात जिवावरचे. सेंटचं मोजमाप माणसं किती सरकतात यावर होतं. बाईंच्या आजूबाजूच्या बाकांवरचे प्रवासी सरकले की त्यांची नोंद. 'सेंट क्र. ४. तिघे सरकले, एक उठून दाराशी गेला.' सेंट क्र. ९ लावून आल्या त्या दिवशी चांदोरीला एक मळेकरीण चढली. ती शेवंतीच्या पाट्या बाजारात टाकून परत चाललेली, फुलांत जन्म गेलेला. ती बाईंच्या शेजारी बसली, दोनदा नाक वर केलं आणि हळूच बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कोण वारलं, ताई?"

क्रमांक नऊला उदबत्तीचा वास होता. बाई गडबडल्या आणि कोणी नाही म्हणाल्या. पण मळेकरणीला ते पटेना. दुःख माणूस बोलत नाही, दाबून ठेवतं, असं म्हणून तिने निफाडपर्यंत आपल्या घरातले सगळे गेलेले लोक सांगितले आणि शेवटी बाईंना स्वतःच्या पदराखालची शिल्लक शेवंती देऊन उतरली. गाडीतल्या आणखी दोघांनी उतरताना बाईंना नमस्कार केला. वहीत नोंद आहे: 'क्र. ९. दुखवट्याला चालेल. रोजला नाही.' कांद्याच्या हंगामात मात्र सेंटची निरीक्षणं बंद असत. टपावर आणि पायाशी पोती असली की विलायती सेंट आणि राख यांत फरक राहत नाही, असं त्यांचं मत होतं.

आता लिपस्टिक. लिपस्टिकसाठी त्यांना मी लागले, कारण मी मराठीची. त्यांनी एक दिवस शिक्षकखोलीत फळ्यावर प, फ, ब, भ, म लिहिलं आणि मला म्हणाल्या, ओठाला ओठ लागल्याशिवाय यातलं एक अक्षर निघत नाही. जितकी ही अक्षरं जास्त तितकी लिपस्टिक लवकर जाणार. गणिताच्या बाईंना काय, क्ष अधिक य, सगळा कारभार जिभेवर. इतिहासात पेशवे, मोगल, बाजीराव, तिथे फार झीज. पण सगळ्यात वाईट मराठी. म्हणून एका तासापुरती माझी तुलनेतून सुटका झाली, मला लिपस्टिक लावली आणि आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून बाई माझी ओष्ठ्य अक्षरं मोजायला लागल्या. आता मागे कोणी रेघा ओढत मोजत बसलंय म्हटल्यावर माणसाचं काय होतं! मी प, ब, म टाळायला लागले. 'माणसाने परोपकार करावा' म्हणायचं तर मी म्हणाले, 'जनतेने सत्कार्य करत राहावं.' मुली टकामका बघत होत्या. बाई चिडल्या. प्रयोगात अप्रामाणिकपणा केल्याची नोंद आजही त्या वहीत माझ्या नावावर असेल.

स्वतःवर त्या अर्ध्याच ओठांना लावत. पहिल्यांदा तशा आल्या त्या दिवशी आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, प्रार्थनेला समोर उभ्या होत्या. त्यांनी बघितलं की भामरेबाईंचं अर्धं तोंड लाल आणि अर्धं फिकं, त्यात बाई मनातल्या मनात प्रार्थनेतली ओष्ठ्य अक्षरं मोजत असल्याने एका बाजूनेच ओठ हलवत होत्या. मोठ्या बाईंनी प्रार्थना थांबवली. "अगं बाई, हिच्या तोंडावरून वारं गेलं!" मग काय विचारता. शिपायाला डॉक्टरकडे पिटाळलं. हिंदीच्या बाईंनी लसूण आणला, कोणी एरंडेल. बाईंना धरून बाकावर आडवं केलं आणि मोठ्या बाई त्यांचा गाल चोळायला लागल्या. नेमका तुलनेचा गाल. भामरेबाई ओरडत होत्या, तो नको, तो नको, आणि सगळ्यांना वाटत होतं की त्या बाजूला वेदना जास्त आहे. डॉक्टर आले, त्यांनी रुमालाने ओठ पुसला, रुमालाकडे बघितलं आणि चहा मागितला.

त्यानंतर मोठ्या बाईंना सगळं सांगावं लागलं. नवऱ्याचं, सासूचं, लपवलेल्या डब्याचं नाही. नुसतं प्रयोगाचं. मोठ्या बाई रागावतील असं वाटलं होतं, त्या उलट खूश झाल्या. शाळेत तीन वर्षांत कोणी प्रयोग केला नव्हता. पुढे कधीतरी शाळेत विज्ञान प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी फर्मान काढलं: भामरेबाईंनी आपला प्रयोग मांडायचा. तोवर प्रयोगाला सात वर्षं होऊन गेली होती.

बाईंनी परोपरीने सांगून बघितलं की निरीक्षणं चालू आहेत. मोठ्या बाई म्हणाल्या, चालू काय, सात वर्षांत मुलगी दुसरीत जाते. घरी म्हातारीच्या कानावर हे गेलं आणि तिला हर्ष झाला. सुनेचं शाळेचं काम सगळ्या गावापुढे मांडणार! नऊवारी नेसून, वहाणा पुसून ती आमच्याबरोबर गाडीत बसली. गांगुर्डेंनी तिला पुढची जागा दिली आणि आपण या प्रयोगात काय काय मदत केली ते नैताळ्यापर्यंत सांगितलं. भामरेबाई मांडीवरची वही उघडून शेवटचा रिकामा रकाना बघत होत्या.

टेबलावर बाटल्या, डबे, चौदा टप्प्यांचा नकाशा असं सगळं देखणं मांडलं होतं. तपासायला एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते, मफलर गुंडाळून. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. क्रमांक नऊला हसले. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, निष्कर्ष कुठे आहे? बाई म्हणाल्या, लिहायचाय. ते म्हणाले, मग लिहा. निष्कर्षाशिवाय प्रयोग म्हणजे नुसता चाळा. मोठ्या बाईंनी स्वतःचं पेन उघडून हातात दिलं. चाळीसेक माणसं भोवती, मुली टाचा उंचावून बघतायत, आणि म्हातारी सगळ्यांत पुढे. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? त्यांनी खाली वाकून दोन ओळी लिहिल्या.

म्हातारीने माझी बाही ओढली. काय लिखं, वाची दाखाड.

आणि मी वाचलं. माझ्या मेलीच्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे. अडखळायचं, विसरायचं, चष्मा नाही म्हणायचं. पण मराठीची शिक्षिका ना, ठणठणीत आवाजात, सगळे ओष्ठ्य वर्ण सांभाळून वाचलं: 'निष्कर्ष: पावडर क्र. ३१, लिपस्टिक क्र. १२ व सेंट क्र. २२ रोजच्या वापरास योग्य आहेत.' टाळ्या झाल्या. पहिला नंबर आला. स्टीलचा डबा मिळाला.

टाळ्या थांबल्यावर म्हातारीने सुनेला विचारलं, "हुयना प्रयोग?"

"हा, आई," बाई म्हणाल्या. "हुयना."

दुसऱ्या दिवशी त्या गाडीत चढल्या तेव्हा गांगुर्डेंनी त्यांना ओळखलंच नाही. कोरा चेहरा, दोन्ही गाल सारखे. पास बघून ते दचकले आणि विचारलं, बाई, बरं नाही का? बाई म्हणाल्या, बरं आहे, प्रयोग संपला. दर टप्प्याला गांगुर्डे सवयीने मागे वळायचे आणि पुन्हा पुढे बघायचे. चार दिवस असंच चाललं. बाई वर्गात शिकवत होत्या, डबा खात होत्या, सगळं करत होत्या. पण खिडकीजवळ बसायच्या नाहीत. मला स्वतःचा इतका राग आला होता की मी दोन दिवस घरी कोणाशी धड बोलले नाही.

सोमवारी त्या आल्या. लांबून बघितलं आणि मला वाटलं माझे डोळे बिघडले. पावडर दोन्ही गालांना होती. ओठ पूर्ण. शेजारी येऊन बसल्या तेव्हा मंद असा वास आला, आणि बाकावरचं कोणीच सरकलं नाही. बाई सुंदर दिसत होत्या. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं, आणि अर्ध्या तोंडाच्या बाईला इतक्या वर्षांत मी हे एकदाही म्हटलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. रविवारी संध्याकाळी म्हातारी फळीवरचे डबे घेऊन समोर येऊन बसली. सुनेला वाटलं, टाकायला घेतले. तर म्हातारी म्हणाली, तो प्रयोग तुझ्या गालांचा होता, तरण्या गालांचा. म्हाताऱ्या गालाला काय चालतं ते कुठे लिहिलंय तुझ्या वहीत? आणि तोंड पुढे केलं. "आते मन्हा गालवर कर."

बाईंनी डबा उघडला. त्या म्हणाल्या, पण आई, माझा प्रयोग झाला, मी आता कशाला...

म्हातारी सात वर्षं प्रयोगशाळेत उगाच नव्हती राहिली. "तू तुलनाले," ती म्हणाली. "रोज लावनं पडी. दोन्ही गाल."

अशी माझी तुलनेवरून हकालपट्टी झाली आणि भामरेबाई तिथे रुजू झाल्या. नवी वही आली, तेच रकाने. मी पुढे तीन-चार वर्षं त्या गाडीत होते. मग मुलाच्या नोकरीसाठी आम्ही पुण्याला जायचं ठरवलं. माझ्या शेवटच्या दिवशी मी स्टँडवर त्यांना निरोप द्यायला गेले. सुट्टीचा दिवस होता, पण त्या दोघी सासू-सुना आठच्या गाडीत बसल्या होत्या, सेंटची नाही, पावडरची फेरी होती, निफाडपर्यंत जाऊन परत. बाईंनी खाली उतरून ही बाटली माझ्या हातात कोंबली आणि डोळे न पुसताच परत चढल्या, कारण काजळ सहाव्या टप्प्यापर्यंत टिकवायचं होतं.

मी खिडकीखाली गेले. म्हातारीचे केस पांढरेशुभ्र, तोंडावर जाळं पडल्यासारख्या सुरकुत्या, आणि डाव्या गालाला पावडर नंबर ३१, कानापासून नाकापर्यंत अगदी काटेकोर. मी तिला तिच्याच भाषेत विचारलं, आजी, हुयना का प्रयोग?

म्हातारीने आधी सुनेकडे बघितलं, ती पिशवीत रुमाल शोधत होती. मग खिडकीच्या गजातून खाली वाकून मला हळूच म्हणाली, "निष्कर्ष लिखाना नई, बाई."

गांगुर्डेंनी डबल बेल दिली. म्हातारी सरळ बसली, पदर नीट केला आणि पावडरचा गाल खिडकीकडे करून गाडी वळेपर्यंत तशीच बसून राहिली.